खोलीलाही पाळ्या होत्या

सकाळी सातला पहिली पाळी, दुपारी साडेतीनला दुसरी, रात्री बाराला तिसरी. गिरण्यांचं हे वेळापत्रक लालबाग-परळमधल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असे, कारण पाठ टेकायला जागा कधी मिळणार हे त्यावरच ठरायचं. रातपाळी करून आलेला काका सकाळी ज्या अंथरुणावर आडवा व्हायचा, त्यावरून पहिल्या पाळीचा थोरला भाऊ थोड्याच वेळापूर्वी उठून गेलेला असायचा. दुपारी काका उठला की वळकटी भिंतीला लागायची आणि त्याच जागेवर पोरं अभ्यासाला बसायची. संध्याकाळी तिथेच पाटा मांडून वाटण व्हायचं, रात्री पंगत बसायची, आणि पंगत उठली की पुन्हा अंथरुणं.

दहा बाय बाराच्या, फार तर दहा बाय सोळाच्या खोलीत सात-आठ माणसांचा संसार मावायचा कसा, याचं उत्तर कपाटं, फळ्या आणि माळे यांत शोधायला गेलं तर अर्धंच हाती लागतं. चाळकऱ्यांनी जागा भिंती घालून वाटली नाही, कारण भिंती घालायला जागाच नव्हती. त्यांनी ती तासांनी वाटली. कोणत्या घटकेला कोणता कोपरा कोणाचा, याचे अलिखित नियम दर खोलीत होते आणि ते मोडले की घर बसत नसे. मुंबईच्या चाळीचा इतिहास उत्सवांच्या, नाटकांच्या आणि शेजारधर्माच्या अंगाने पुष्कळ सांगितला गेला आहे. खोलीच्या आतल्या या वाटपाचा इतिहास त्या मानाने कमी सांगितला जातो.

चाळ काही केवळ गिरण्यांमुळे जन्मली असं नाही. एकोणिसाव्या शतकातलं गिरगाव वाड्यांचं होतं. फणसवाडी, आंबेवाडी यांसारख्या वाड्यांमध्ये तेव्हा खरोखरीची झाडं होती. पुढे मालकाचं घर, मागे परस, परसात विहीर आणि माड. फोर्टातल्या कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर नोकरी करणारी माणसं भाड्याच्या जागा शोधू लागली, तेव्हा मालकांनी परसातली झाडं काढून तिथे ओळीने खोल्या उभ्या केल्या. पुढे लांब गॅलरी, मागे एकाला लागून एक दारं, टोकाला नळ आणि संडास. अंगण शिल्लक राहिलं ते चौकापुरतं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो अशाच शिल्लक राहिलेल्या मोकळ्या जागेच्या आधाराने.

गिरण्या आल्या आणि या खोल्यांची संख्या झपाट्याने वाढली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत तिथे सूत निघू लागलं. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ताडदेवपासून परळ-शिवडीपर्यंत धुराड्यांची रांग लागली. रत्नागिरीहून बोटीने आणि साताऱ्या-पुण्याकडून घाट उतरून माणसं येत राहिली. बहुतेक जण एकटे यायचे. बायको-पोरं आणि म्हातारे आईबाप गावी, शेतीच्या तुकड्याला धरून. मुंबईत लागायचं काय, तर रात्री अंग टाकण्यापुरती जमीन, ट्रंक ठेवायला हातभर जागा आणि दोन वेळचं जेवण. एका खोलीत पंधरा-वीस जण राहू शकले ते याच हिशेबावर. सगळे एकाच वेळी खोलीत सहसा नसत. असले, म्हणजे गिरणी बंद असली, की निम्मे गॅलरीत, जिन्यात, नाहीतर फुटपाथवर झोपत.

गावाच्या मंडळाने मिळून खोली घेण्याची पद्धतही यातूनच रुजली. एका गावचे, एका वाडीचे लोक वर्गणी काढून खोली भाड्याने घेत. गावाहून नवा पोरगा आला की तो थेट तिथे उतरायचा. गोव्याहून आलेल्या खलाशी, आचारी आणि वाजंत्र्यांनी धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला हीच व्यवस्था क्लबच्या रूपाने उभी केली. त्यांच्या बोलीत ती कूड. एकेका गावाची एकेक कूड, भिंतीलगत पेट्यांची रांग, एका बाजूला वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. खलाशी बोटीवर गेला की महिनोन्‌महिने त्याची पेटी तिथे राहायची. जागा पेटीला मिळायची, माणसाला नव्हे. माणूस परत आला की पेटीपुढे चटई पसरायचा. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे क्लब आजही चालतात.

या एकट्या पुरुषांच्या पोटाची सोय खानावळवाल्या बाईने केली. तीही चाळीतच राहायची, बहुधा एखाद्या गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा. तिच्या खोलीवर जेवणारे ते तिचे ‘मेंबर’. पहाटे सातच्या पाळीचे डबे, दुपारी रातपाळीवाल्यांची पंगत, संध्याकाळी पहिल्या पाळीच्यांची, मध्यरात्री दुसरी पाळी सुटली की आणखी एक. एकाच खोलीत चूल, पंगत, भांडी आणि तिच्या स्वतःच्या पोरांची झोप. गिरणगावातल्या अशा बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. तेव्हा कुठे या कामाला व्यवसाय म्हणून ओळख मिळाली. तोवर ते ‘घरचंच काम’ होतं.

दाटी किती होती, याची एक नोंद वाचताना आजही अंगावर काटा येतो. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने कामकरी स्त्रियांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांची नेमणूक केली होती. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या एका खोलीत गेल्या. खोली साधारण पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. तिच्यात सहा कुटुंबं राहत होती आणि जमिनीवर सहा वेगळ्या चुली होत्या. लहानमोठी धरून माणसं तीस. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. इथे बाळंतपणासाठी आडोसा कसा करता, असं डॉक्टरांनी सोबतच्या परिचारिकेला विचारलं. तिने तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा दाखवला. तेवढ्याला आडपडदा लावायचा आणि बाळंतपण उरकायचं.

ही नोंद एका खोलीची असली तरी परिस्थिती एका खोलीपुरती नव्हती. बर्नेट-हर्स्ट यांनी मुंबईच्या कामगारांच्या राहणीचा अभ्यास करून १९२५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. कामकरी वर्गातली ९७ टक्के कुटुंबं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहतात, असं त्यात आढळलं. एक खोली हा मुंबईत अपवाद नव्हता, तो नियमच होता.

सरकारला जाग आली ती त्याआधी, आणि तीही प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. साथ पसरली आणि माणसं गावाकडे पळाली. गिरण्यांना माणसं मिळेनाशी झाली. अंधाऱ्या, कोंदट, हवा न खेळणाऱ्या खोल्या रोगाला कारण आहेत, असं ठरलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि हुसकावलेल्यांपैकी काहींसाठी आग्रीपाडा, माझगाव, परळ अशा भागांत चाळी बांधल्या. याच आजच्या बीआयटी चाळी. आरोग्याच्या नियमांनुसार बांधलेल्या, खिडकी असलेल्या, पण शेवटी एका खोलीच्याच. गरिबाला एक खोली पुरे, हा हिशेब सुधारणा करणाऱ्यांनीही बदलला नाही.

परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहिले. ५० आणि ५१ क्रमांकाच्या समोरासमोरच्या दोन खोल्या. त्याआधी त्यांचं कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत होतं. त्या खोलीत स्वयंपाक, सामान, माणसं आणि शेळीसुद्धा. शाळकरी भीमरावाला झोपायला जात्याजवळची चिंचोळी जागा. अभ्यासाला शांतता आणि जागा दोन्ही मिळावं म्हणून वडिलांनी, सुभेदार रामजींनी, जी युक्ती केली ती चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला मुलाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. घरात निजानीज असताना मुलगा रॉकेलच्या दिव्यापुढे पुस्तक उघडून बसायचा. तो १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. चौरस फूट वाढवणं रामजींच्या हाती नव्हतं. त्यांनी रात्रीचे दोन भाग केले आणि त्यासाठी स्वतःची झोप मोडली. खोलीतल्या वेळेच्या वाटपाचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मुंबईच्या इतिहासात शोधूनही सापडायचं नाही.

पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई हाताबाहेर गेली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता आणि पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात २०७ चाळींवर काम थांबलं. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२. तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं. संडास सार्वजनिक. खोली १६० चौरस फुटांची.

या बीडीडी चाळी तुरुंग म्हणून बांधल्या होत्या, असं मुंबईत अजूनही सांगितलं जातं. त्या घरं म्हणूनच बांधल्या होत्या. सुरुवातीला वरळीच्या चाळी भरेनात. भाडं जास्त, गिरण्या लांब, सोयी अपुऱ्या. पुढे १९३०च्या कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना ठेवायला जागा अपुरी पडली, तेव्हा यातल्या काही इमारतींचा तात्पुरता तुरुंग झाला. लोकांच्या आठवणीत नेमका तेवढाच काळ पक्का बसला. घर आणि तुरुंग यांत फरक वाटू नये इतकी ती रचना ओकीबोकी होती, हेही त्यामागचं कारण असावं. काँक्रीटच्या त्या चौकोनाला घरपण आलं ते त्यात राहायला आलेल्यांनी आणलं.

ते कसं, हे पाहायला खोलीत शिरलं पाहिजे.

दार उघडलं की पहिली लागायची ती लोखंडी कॉट. ती भिंतीला चिकटवलेली आणि तिच्या चारही पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे. कॉट एवढी उचलायची की खाली ट्रंका, धान्याचे डबे, जास्तीची भांडी बसावीत आणि पुढच्या बाजूला एका माणसाला सरपटत आत जाऊन झोपता यावं. कॉटवर घरातलं वडीलधारं माणूस किंवा रातपाळी करून आलेला. कॉटखाली पोरं. दिवसा वळकट्या कॉटच्या एका टोकाला रचून त्यांवर चादर टाकली की तीच आल्यागेल्याची बैठक. कॉटखालची जागा परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाची. वरून चादर लोंबती सोडली की आतल्याला खोलीतली वर्दळ दिसत नसे.

कोपऱ्यात मोरी. तीन-साडेतीन फुटांचा चौकोन, वीतभर कठडा, भिंतीला लागून तांब्याचा हंडा किंवा पिंप. मोरीवर भांडी, मोरीवर कपडे, मोरीवरच आंघोळ. पुरुषांची आंघोळ सार्वजनिक नळावर किंवा चौकात व्हायची. बायकांची मोरीत, दोरीवर टाकलेल्या लुगड्याच्या आडोशाने, आणि तीही घरातले पुरुष उठायच्या आत किंवा कामावर गेल्यावर. म्हणजे मोरीलाही वेळापत्रक होतं. पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी उठायचं, रांग धरायची, पिंप भरायचं, आंघोळ उरकायची आणि मग चूल पेटवायची. पुरुषांच्या पाळ्या गिरणीच्या भोंग्यावर चालत. बायकांची पाळी नळापासून सुरू व्हायची आणि दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री जेवून झोपला की संपायची. खोलीचं सगळं गणित जिच्या डोक्यात असायचं आणि ज्याची किंमत जिला सर्वांत जास्त मोजावी लागायची, ती हीच बाई.

स्वयंपाक आधी जमिनीवर. चूल किंवा कोळशाची शेगडी, तिच्यामागे काळी पडलेली भिंत, बाजूला पाटा. धूर खोलीभर. शेगडी पेटवताना ती उचलून गॅलरीत ठेवायची आणि निखारे फुलले की आत घ्यायची. मग रॉकेलचा स्टोव्ह आला आणि धूर कमी झाला. गॅसचा सिलिंडर मुंबईत १९५५ मध्ये बर्शेनच्या नावाने मिळू लागला. चाळीपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली. पोचला तेव्हा मात्र खोलीचा नकाशाच बदलला. शहाबादी फरशीचा किंवा कडाप्प्याचा ओटा झाला, बाई उभ्याने रांधू लागली आणि आजवर चुलीने अडवलेली जमीन झोपायला मोकळी झाली. ओट्याखाली सिलिंडर, कांदेबटाट्याची टोपली आणि पाण्याचा साठा.

जमीन संपली की चाळकरी भिंतीवर चढला. डोक्याच्या उंचीच्या वर चारही बाजूंनी फळी, फळीवर ओळीने पितळेचे आणि पुढे स्टीलचे डबे, उतरत्या मापाने. खुंट्या, खिळे, कोनाडे. कपडे वाळत घालायला छताखाली दांड्या, आणि ओलं लुगडं त्यांवर टाकायला एक लांब काठी. पावसाळ्यात या दांड्यांखालून वाकूनच फिरायचं. देव्हारा भिंतीवर, खाली पाय लागणार नाहीत अशा उंचीवर. आरसा आणि कॅलेंडर दाराजवळच्या उजेडात. शिवणयंत्राची झाकलेली पेटी हे टेबल.

मग कपाट. लालबागेत १८९७ मध्ये कुलुपांचा कारखाना काढणाऱ्या गोदरेजांनी १९२३ पासून पोलादी कपाटं करायला घेतली. गिरणी कामगाराच्या घरात ते कपाट येणं ही मोठी घटना असे. बहुधा बोनसच्या वर्षी किंवा मुलीच्या लग्नाच्या आगेमागे. कपाटाचं काम फक्त कपडे आणि दागिने सांभाळायचं नव्हतं. ते भिंतीला न टेकवता आडवं उभं केलं की ओट्याच्या आणि बैठकीच्या मधली भिंत तयार होई. मागच्या बाजूला सुनेला कपडे बदलायला आडोसा, पुढच्या बाजूच्या आरशात सगळ्यांचे भांग.

सर्वांत वरची जागा पोटमाळ्याची. छत उंच असेल तिथे लोखंडी किंवा लाकडी तुळया टाकून अर्ध्या खोलीवर फळ्या ठोकायच्या आणि शिडी लावायची. माळ्यावर उभं राहता येत नसे, बसता यायचं. नव्या जोडप्याचा संसार तिथे सुरू व्हायचा. शिडीची करकर खाली सगळ्यांना ऐकू यायची आणि कोणीही ती ऐकू आल्याचं दाखवत नसे. घरात लग्न झालं की शेजारी आपली खोली पहिले काही दिवस नव्या जोडप्याला मोकळी करून देत आणि स्वतः गॅलरीत झोपत. त्या उपकाराची फेड त्यांच्या घरी लग्न निघालं की व्हायची.

गॅलरी ही प्रत्येक खोलीची दुसरी खोली. कठड्यावर पापड-सांडगे, कठड्याबाहेर डब्यांतली तुळस, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. उन्हाळ्यात दर बिऱ्हाडाचे पुरुष आपल्या दारापुढे झोपत आणि ती हद्द कोणी ओलांडत नसे. चौकात गणपतीचा मंडप, त्याच मंडपात भजन, व्याख्यान आणि नाटक. गावाहून दहा पाहुणे आले तर दोन या खोलीत, तीन त्या खोलीत. एका घरच्या बारशाला मजल्यावरची सगळी दारं उघडी. बीडीडी चाळीत बाहेरची गॅलरी नव्हती. तिथे मधला बोळ हेच काम करायचा, फक्त उजेड आणि वारा कमी. १६० चौरस फुटांत आठ माणसं राहिली असं म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. ती १६० चौरस फूट, दारापुढची गॅलरी, शेजाऱ्याची गरजेला उघडणारी खोली, चौक आणि गच्ची एवढ्या सगळ्यांत राहिली.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि भाडी गोठली. भाडेकरूला हुसकावणं अवघड झालं. एकट्या पुरुषाने गावाहून बायको आणली, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली आणि पगडी देऊन दुसरी जागा घेणं परवडेना, म्हणून सगळे तिथेच राहिले. पोटमाळे बहुतेक याच काळात वाढले. मालकाला भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, तेव्हा त्याने इमारतीकडे पाठ फिरवली. लाकडी खांब पोखरले, गॅलऱ्यांना टेकू लागले. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी सरकारला उपकर लावून स्वतंत्र मंडळ नेमावं लागलं.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाने काय काय नेलं, याची यादी मोठी आहे. खोलीपुरतं बोलायचं तर तिचं वेळापत्रक गेलं. पाळ्या संपल्या आणि घरातले सगळे पुरुष दिवसभर घरात बसू लागले. जी खोली तीन पाळ्यांत वाटून सगळ्यांना पुरत होती, ती एकाच वेळी सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं. तरणी पोरं नाक्यावर उभी राहू लागली त्यामागे बेकारी होतीच. घरात बसायला जागा नव्हती, हेही होतं.

गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. संपानंतर तीस वर्षांनी, २०१२ मध्ये, गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचं. संडास आत आला, नळ आत आला आणि बाईची पहाटेची रांग संपली. ही सुधारणा लहान नव्हे. गॅलरी आणि चौक मात्र गेले. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीत जन्मलेली माणसं चाळीस मजली इमारतीत राहायला गेली, ती शंभर वर्षांनी.

आज लहान घरांच्या जाहिरातींत घडीचा पलंग, भिंतीत सरकणारं टेबल, जिन्याखालचे कप्पे यांचं फार कौतुक असतं. थोड्या जागेत कसं राहावं हे मुंबईच्या चाळकऱ्यांकडून शिकावं, असंही मधूनमधून कोणी लिहितं. शिकण्यासारखं आहेच. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माणसं १६० फुटांत नीट राहिली, म्हणून १६० फूट पुरेसे होते असं होत नाही. ती राहिली कारण त्यांनी झोप वाटून घेतली, बायकांनी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत कष्ट उपसले आणि शेजाऱ्यांनी दारं उघडी ठेवली. ते कसब त्यांचं होतं. दोष एक खोली पुरे असं ठरवणाऱ्या ट्रस्टचा, सरकारचा आणि मालकांचा होता. या कसबाचं कौतुक करताना त्या दोषावर पांघरूण पडू देऊ नये, आणि गरिबांची घरं पुन्हा आखताना ‘ते लोक राहतात की एवढ्यात’ हे वाक्य तर कोणीच तोंडातून काढू नये.

वास्तुविशारदांनी चाळींचे नकाशे काढून ठेवले आहेत. त्यांत भिंती, दारं आणि जिने सापडतात. खोलीत कोण कुठे आणि किती वाजता झोपत होतं, ते सापडत नाही. ते माहीत असलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. ज्यांच्या घरी चाळीत राहिलेली आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी एक कोरा कागद घेऊन त्यांच्याजवळ बसावं आणि त्यांच्याकडून ती खोली काढून घ्यावी: कॉट कुठे, मोरी कुठे, माळ्यावर कोण, गॅलरीत कोण, आणि प्रत्येकापुढे घड्याळातली वेळ. पाडकाम पुढे सरकतं आहे, तेव्हा हे काम यंदाच करावं.